धामणदऱ्याच्या माणसांना इंग्रजीत काय म्हणावं

ठोंबरे सरांची आणि माझी ओळख मंगरूळपीरला, वाचनालयाच्या पायरीवर झाली. मी शाळेत गेलेली नाही. मुलीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले. बाजाराच्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच मी दारात बसलेली असे. सर कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक, पण घाई त्यांनाही तीच. त्यांनी विचारलं, "काय वाचता, बाई?" मी म्हटलं, "जे सापडते ते." "मंग आपलं जमते," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या घरचं कपाट मला मोकळं झालं. पुस्तक देताना 'हे तुम्हाला समजेल का' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी समितीने मला त्यांनी आमच्या गावासाठी केलेल्या कामावर लिहायला सांगितलं. त्या कामाला यश आलेलं नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत व्हायची नाही.

आमचं धामणदरा तलावाच्या पाण्यात गेलं. यादीत नाव होतं त्यांना नव्या वसाहतीत जागा मिळाली. पाहणी झाली तेव्हा आमच्यासारखी काही घरं दिवाळीनंतर पुण्याकडे बांधकामावर गेली होती. दाराला कुलूप दिसलं आणि नाव गळलं. परत आलो ते टिनाच्या शेडमध्ये. प्रकरण वरच्या कोर्टात न्यायचं ठरलं. तिथले कागद इंग्रजीत. तो सगळा मजकूर सरांनी लिहून दिला.

त्यात सरांनी आम्हाला 'मायग्रंट' म्हटलं. पोटासाठी घर सोडावं लागणारी माणसं, असं वाचून कोणालाही कळवळा येईल, असं त्यांना वाटलं. माझे यजमान किसनराव यांना त्यांनी अर्थ सांगितला, तेव्हा किसनराव म्हणाले, "सर, आमी कामाले जातो, गाव सोडत नाई. होळीले परतच येतो ना!"

"किसनराव, कोर्टाले आपलं दुःख दिसलं पायजे," सर म्हणाले.

शिकलेल्या माणसापुढे आम्ही गप्पच बसतो.

सुनावणीत समोरच्या बाजूने तोच शब्द उचलला. हे स्वतःच सांगतात की आम्ही स्थलांतरित. मग हे या गावचे रहिवासी कसे? अर्ज फेटाळला गेला.

दुसरं कोणी असतं तर वकिलावर ढकलून मोकळं झालं असतं. सर दुसऱ्याच दिवशी बसने शेडवर आले आणि उभ्यानेच सगळ्यांना म्हणाले, "शब्द माहा होता. चूक माही आहे. किसनरावांनी सांगतलं होतं, मी आयकलं नाई." किसनरावांनी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. एवढ्या शिकलेल्या माणसाने आमच्यापुढे चूक कबूल केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

तेव्हापासून सर सरकारकडे करायच्या नव्या अर्जाचा प्रत्येक मसुदा शेडवर आणून मराठीत सांगत, आणि आम्ही हो म्हटल्यावरच पाठवत. 'रेसिडेंट' लिहावं तर राहतो कुठे, गाव पाण्यात. 'नेटिव्ह' गोऱ्या साहेबाच्या तोंडचा वाटे. 'व्हिलेजर' तर कोणत्याही गावचा. एकदा शेजारच्या चंद्राबाई चिडल्या, "काहून वो सर, एवढी मोठी इंग्रजी, अन् आमच्यासाठी एक शबूद नाई? लय कंजूस भाषा हाय तुमची!"

सर हसले. "शब्द लय आहेत, आजी. पण सारे दुसऱ्याच्या मापानं शिवलेले."

"मंग उसवा न् शिवा!"

"तेच करून राह्यलो."

शेवटी त्यांनी साधंच लिहिलं, पीपल ऑफ धामणदरा. धामणदऱ्याची माणसं. किसनरावांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि मान हलवली.

सरकारी कचेरीतून उत्तर आलं, या नावाचं गाव आता नोंदीत नाही.

किसनराव शेडमध्येच गेले, भर उन्हाळ्यात. मृत्यूच्या दाखल्यावर पत्ता काय घालायचा म्हणून कारकून अडून बसला. सर तासभर खिडकीशी उभे राहून सांगत होते, "धामणदरा लिहा." त्याने लिहिलं नाही. 'तात्पुरती शेड' लिहिलं. बाहेर आल्यावर सरांना माझ्याकडे बघवेना. मीच म्हटलं, "चला सर, बस चालली जाईन."

त्याला तीन वर्षं झाली. सरांच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. कागद नाकाशी धरून ते अजून अर्ज लिहितात. मला जागा मिळेल असं आता वाटत नाही. सरांनाही वाटत नसावं. एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, मी खोटं काहून बोलू? पण चुकीचा शब्द कागदावर ठेवून मले मरता येत नाई."

सरांना निरोगी आणि लांब आयुष्य मिळावं. त्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. सर, डोळे दाखवून घ्या, उन्हाचं बसस्टँडवर येऊ नका, जेवण वेळेवर घ्या. आमच्या गावाचं नाव अजून लिहिणारे तुम्ही एकटेच आहात. तुमच्या माघारी आम्ही कुठले, हे कोणत्याच कागदावर राहणार नाही.