अहोंची ऑर्डर

पुण्यात रागीट माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण हॉटेलात पाऊल टाकण्याआधी, पार्किंगमध्येच ज्याचं डोकं फिरलेलं असतं असा माणूस या शहरात एकच आहे आणि ते माझे सासरे आहेत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ ही माझी एकमेव सुट्टी. आठवडाभर बँकेत लोकांची बोलणी ऐकायची, घरी येऊन कुकर लावायचा, आणि शनिवारी एक वेळ दुसऱ्या कुणी केलेलं, गरम, बसल्या जागी आयतं खायचं, एवढीच माझी या संसाराकडून मागणी होती. ती सासऱ्यांनी एकट्याच्या बळावर वर्षानुवर्षं हाणून पाडली. निघताना आम्ही पाच जण असायचो, मी, नवरा, मुलगी, सासूबाई आणि ते. परत येताना गाडीत पाचही तोंडं पाच दिशांना असायची आणि माझं पोट बहुधा अर्धं रिकामं असायचं.

खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली, आणि नोकरी काय, तर तयार झालेला माल तपासायचा आणि परत पाठवायचा. म्हणजे पासही करत असतील, पण त्याबद्दल ते कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर कारखान्याची सुटका झाली आणि हॉटेलांची पाळी आली. रागावण्याची त्यांची तऱ्हा अशी की आवाज चढत नाही, आदर चढतो. घरी मजेत असले की सगळ्या जगाला ‘तू’. एखाद्याला ‘आपण’ म्हणायला लागले की समजावं, आता याची धडगत नाही. मला ते एरवी लेकीसारखं ‘अगं’ म्हणतात, पण एकदा भाजीचा घास घेऊन, शांतपणे पाणी पिऊन त्यांनी विचारलं होतं, “आपण यात मीठ घातलं आहे का?” त्यानंतर दोन दिवस मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

त्यांचा मुख्य कायदा म्हणजे गरम ते गरम. वाटी समोर आली की बोटाची मागची बाजू तिला लावायची, ताप बघतात तशी, आणि मान हलवायची. स्वारगेटजवळ एका थाळीवाल्याकडे आम्ही जायचो. तिथल्या वाढप्याला त्यांनी एकदा थांबवलं आणि म्हणाले, “आमटी गरम होती हे मी नाकारत नाही. आपण फक्त ती कधी गरम होती तेवढं सांगा.” वाढपी बिचारा खरंच आठवायला लागला. तेवढ्यात माझी पोळी गार झाली, मुलीनं पापड खाऊन पोट भरलं आणि नवरा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला, कारण वडील भांडत असताना दिसेनासं होण्याची कला तो लहानपणीच शिकलाय. त्याचाही मला राग येतो, पण तो विषय वेगळा.

दुसरा कायदा शुद्धलेखनाचा. खिशाला पेन असतंच. मेन्यूकार्डावर ‘पनिर’ दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय ऑर्डर देत नसत. ‘कोशींबीर’ या शब्दावर तर त्यांनी इतक्या रेघा मारल्या की त्या कार्डावर पुन्हा कुणाला कोशिंबीर सापडली नसेल. शेवटी त्या थाळीवाल्यानं यांच्या हातात कार्ड देणंच बंद केलं, वाढपी पदार्थ तोंडी सांगायचा. मग यांनी त्याचे उच्चार दुरुस्त करायला घेतले. पुढे टेबलांवर ते काळेपांढरे चौकोन आले, मोबाईल धरला की त्यात मेन्यू दिसतो ते. पहिल्यांदा तो चौकोन बघितला तेव्हा मालकाला बोलावून म्हणाले, “भूक मला लागली आहे, मोबाईलला नाही.” मालकानं आतून कुठून तरी जुनं, तुपकट कार्ड शोधून आणलं आणि मी कपाळाला हात लावला, कारण पेन खिशातून बाहेर आलेलं मला दिसत होतं.

या सगळ्याला ब्रेक एकच होता. सासूबाई. त्या कधी मध्ये पडल्या नाहीत, कुणाची बाजू घेतली नाही, नुसतं ‘अहो’ म्हणायच्या. हा एक शब्द त्या किती प्रकारे म्हणत असत ते मी ऐकलेलं आहे. चहा झाल्याचा अहो वेगळा, दूधवाला आल्याचा वेगळा, चष्मा तुमच्या डोक्यावरच आहे याचा वेगळा. त्यांनी कुठूनही हाक मारली की हे असतील तिथून, गॅलरीतून, न्हाणीघरातून, “आलो, आलो,” म्हणायचे आणि खरंच यायचे. हॉटेलातला अहो सगळ्यात बारीक. भांडण ‘आपण’वरून ‘महाशय’वर जायला लागलं की त्या पानातली चटणी सारखी करत, वर न बघता तो म्हणायच्या. सासरे वाक्य अर्धं सोडून खाली बसायचे. मी तासभर डोकं फोडून घेतलं तरी जे व्हायचं नाही ते या बाईंच्या दोन अक्षरांत व्हायचं, आणि खरं सांगायचं तर याचाही मला संताप यायचा. ब्रेक होता, मग आधीच का नाही लावायचा?

मुलगी मोठी झाली तशी तिनं थाळी नाकारली आणि आम्हांला बर्गरकडे वळवलं. सातारा रस्त्यावर एक दुकान निघालं होतं, लाल खुर्च्या, मोठ्यानं गाणी, आणि काउंटरवर जाऊन आपणच ऑर्डर द्यायची. बर्गर हातात घेऊन सासऱ्यांनी तो सगळ्या बाजूंनी तपासला आणि निकाल दिला, “हा वडापावच आहे, फक्त इंग्रजी माध्यमातला.” पण तो निकाल नंतरचा. आधी तो बर्गर टेबलापर्यंत यायला हवा, आणि तिथंच सगळं अडलं.

कारण त्या दुकानात ऑर्डर देताना नाव विचारतात, आणि खाणं तयार झालं की त्या नावानं भोंग्यावरून हाक मारतात. पहिल्या वेळी काउंटरवर सासरे स्वतः गेले आणि नाव सांगितलं, नुसतं नव्हे, ‘श्री.’ लावून. थोड्या वेळानं भोंग्यावरून नुसतं आडनाव आलं. हे ढिम्म. पुन्हा आलं. मी म्हटलं, “बाबा, आपलंच आहे.” ते म्हणाले, “आडनावाला बोलावलंय. मला नाही.” नवरा उठला तर त्याला खाली बसवलं. काउंटरवरच्या मुलीनं मग त्यांचं पहिलं नाव पुकारलं, एकेरी, शाळेत हजेरी घेतात तसं. कारखान्यात ज्यांना वरचे साहेबसुद्धा राव लावून हाक मारत, त्यांचं नुसतं नाव सातारा रस्त्यावरच्या भरल्या दुकानात दोनदा घुमलं. मग ते उठले. काउंटरवर जाऊन त्या मुलीला ‘आपण’ म्हणाले. आणि एवढं सगळं करून ट्रे घेऊन आल्यावर पहिला घास खाऊन काय म्हणाले असतील? बर्गर गार आहे.

त्या रात्री घरी मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर बोलले. म्हटलं, पुढच्या शनिवारी तुम्ही घरी थांबा, तुमच्यासाठी मी डब्यात घेऊन येईन, घरी पोचेपर्यंत काय गार व्हायचं ते होऊ दे, पण मला एकदा सुखानं जेवू द्या. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. पुढचा शनिवार आला तेव्हा सगळ्यांच्या आधी चपला घालून सासरे दारात उभे होते.

मी ठरवलंच होतं की काउंटरवर जायचं नाही. हाताची घडी घालून बसले. नवरा गाडी लावायला जागा शोधत होता. सासरेही मागच्या शनिवारचा अपमान मनात धरून खुर्चीत ताठ. शेवटी सासूबाई उठल्या आणि पर्स छातीशी धरून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. बर्गर कुठले ते आमच्या मुलीनं पाठ करून घेतलं होतं, ते त्यांनी नीट सांगितलं. मग काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “नाम?”

आता आमच्या सासूबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात. त्यानंतर रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठंही ‘ह्यांचं’ याच्यापुढे त्या गेलेल्या नाहीत. स्वतःचं नाव सांगावं हे त्यांना सुचलंसुद्धा नाही. ऑर्डर ह्यांच्या घरची म्हणजे नाव ह्यांचं, एवढं त्यांच्या मनात पक्कं. मागं रांग, पुढं ती परप्रांतातली मुलगी मशीनवर बोटं उचलून वाट बघतेय, आणि उखाणा काही आठवेना. त्यांनी मागं वळून, ह्यांनीच येऊन ह्यांचं नाव सांगावं म्हणून, टेबलाच्या दिशेनं हाक मारली, “अहो!” मुलीनं ते लिहून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

थोड्या वेळानं भोंगा म्हणाला, “आहो. ऑर्डर फॉर आहो.”

दुकानातल्या पिकल्या केसांच्या सगळ्या पुरुषांनी एकदम माना वर केल्या. एक गृहस्थ दार ढकलून बाहेर निघाले होते ते परत आत आले आणि बायकोला विचारायला लागले, काय राहिलं? आणि आमचे सासरे, जे आडनावाला उठले नव्हते, नावाला उठले ते भांडायला, ते “आलो, आलो,” म्हणत खुर्ची सरकवून थेट काउंटरवर पोचलेसुद्धा. ट्रे हातात आल्यावर त्यांना कळलं की बोलावणारी बायको नव्हती. क्षणभर ते तिथं उभे राहिले. मला वाटलं, आता ‘आपण’. पण ते ट्रे घेऊन परत आले, सासूबाईंच्या समोर ठेवला आणि म्हणाले, “तुमची ऑर्डर.” त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बर्गर गरम होता. मी तो पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत गरम खाल्ला.

तेव्हापासून त्या दुकानात आमचं नाव ‘अहो’ पडलं. सासूबाई पुढे होऊन स्वतःच सांगायच्या, वर मिश्किलपणे आमच्याकडे बघायच्या. सासऱ्यांची बाकीची भांडणं चालूच राहिली. सॉसच्या पुड्या फाडायला दात का लागतात, गाणं कुणासाठी लावलंय, पेल्यात बर्फ किती आणि पेय किती. पण हाक आली की ते उठायचे.

सासूबाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. आजार लांबला नाही, हे लोक समाधानानं सांगतात, मला त्याचाही राग येतो. त्यानंतर शनिवार बंद पडले. घरात आम्ही त्यांना बाबा म्हणतो, मुलगी आजोबा म्हणते, शेजारचे काका म्हणतात, खालचा वॉचमन अंकल म्हणतो. हाका मारणारी माणसं भरपूर आहेत. पण सासऱ्यांचं रागावणं थांबलं. पेन खिशात नुसतं असतं. पेपरात शीर्षकातच चूक होती ती मी मुद्दाम दाखवली तर म्हणाले, “होतं असं.” मग एक दिवस घाईत त्यांना आमटी गार वाढली गेली. वाटीला बोट न लावता त्यांनी ती खाल्ली. मी समोर उभी. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी वाटी उचलली. “बाबा, आमटी गार आहे. बोला की काहीतरी.” ते म्हणाले, “असू दे गं. चालतंय.” या माणसाच्या तोंडून ‘चालतंय’ ऐकायची वेळ माझ्यावर यावी. इतकी वर्षं ज्यानं मला एक घास सुखानं खाऊ दिला नाही, तो आता काहीही गिळायला तयार होता, आणि मला त्यांचा तो जुना, आडमुठा, शनिवार नासवणारा राग परत हवा होता. मी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ.

दुकानात गाणी तशीच मोठ्यानं चालू होती. आत गेल्यावर मी नेहमीच्या टेबलाशी चार खुर्च्या ओढल्या, पाचवी भिंतीला सरकवली. सासरे म्हणाले, “मी सांगून येतो.” रांगेत ते शांत उभे होते. काउंटरवर नवी मुलगी होती, तिनं काहीतरी विचारलं, यांनी काहीतरी सांगितलं, तिनं पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, लागलं भांडण. मनात म्हटलं, लागू दे. पण ते निमूट परत येऊन बसले.

भोंगा खरखरला. “आहो. ऑर्डर फॉर आहो.”

आमच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे. सासरे बसून होते, मान थोडी तिरकी करून, हाक स्वयंपाकघरातून आली की गॅलरीतून याचा अंदाज घेतात तसे. ट्रे काउंटरवर दिसत होता, त्यावरची वाफ कमी होत चालली होती. पुन्हा हाक आली. नवरा उठायला लागला तर त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“थांब रे,” ते म्हणाले. “अजून एकदा बोलावू दे.”

त्या मुलीनं अजून एकदा बोलावलं, या वेळी जरा वैतागून, शेवटचं अक्षर लांबवून. मग ते उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “आलो, आलो.”

बर्गर गार झाले होते. आम्ही चौघांनी ते तसेच खाल्ले. कुणीही तक्रार केली नाही.