थंडीतला गोलकीपर

मध्यभारत राज्य झालं, तेव्हा राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या ओट्यावर बाबा आणि इंदूरहून आलेले मामा नव्या राज्याचा सर्वोत्तम हॉकी संघ निवडायचे. एकेका जागेवरून नुसती भांडणं! गोलकीपरवर तर गाडी अडलीच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "राजधानीसारखं करा ना! थंडीत आपला, उन्हाळ्यात त्यांचा." दोघांनी ते गंभीरपणे लिहूनही घेतलं.

पुढे राज्यं पुन्हा जोडली गेली आणि राजधानी भोपाळला गेली. बाबा आठवडाभर धुमसत होते. मग त्यांनी नवी यादी केली. अकरापैकी आठ भोपाळचे! मी बघतच राहिले.

"राजधानी नेली तो अन्यायच," बाबा गुरगुरले, "पण हॉकीत बेइमानी नाही करायची."