भावानं बहीण शोधली ती कादंबरी

झरीच्या धुरपताबाईंची पुस्तकं ज्वारीच्या जुन्या कोठीत असतात, थराथराला कडुलिंबाचा पाला घालून. लेक गोपाळ चिडवतो, "आई, उंदरं शिकून सायब व्हतील बघ एक दिवस!" सून हसते, नातवंडं हसतात, धुरपताबाईही हसतात. घरात माणसांना तोटा नाही. पण वाचलेलं एखादं पान मनात घोळत राहिलं, तर ते ऐकायला त्या घरात कोणी नाही.

ऐकायला होत्या वालूरच्या मनकर्णाबाई. एका लग्नात दोघी पंगतीला शेजारी बसल्या आणि दोघींनाही वाचायचा नाद असल्याचं कळलं. तेव्हापासून दुपारी भांडी आवरली की फोन. तुमच्याकडं काय हाय, माझ्याकडं काय हाय. पुस्तकांना कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं, त्यामुळं नावं दोघींच्याही ध्यानात नसत.

"ती विहिरीवाली पाठवू का?"

"नगं बाई, लय रडवती. ते खानावळीचं धाडा."

मग बाजाराला निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतून पुस्तक वालूरला जायचं.

यंदा धुरपताबाईंनी रद्दीत मिळालेली जाड कादंबरी धाडली. हरवलेल्या बहिणीला शोधत निघालेल्या भावाची गोष्ट, एवढं फोनवर सांगितलं. शेवटची पानं मुळातच नाहीत, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

थोड्या दिवसांनी मनकर्णाबाईंचा फोन आला. "वाचली बरं का. शेवट लय बेस केलाय!"

शेवट तर त्या पुस्तकात नव्हताच. न वाचताच थाप? म्हणजे इतके दिवस ही बाई आपलं नुसतं मन राखायली? पुढच्या दुपारी त्यांनी फोन उचललाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी भांडायचंच म्हणून स्वतः लावला, तर तो मनकर्णाबाईंच्या सुनेनं, भक्तीनं घेतला.

"मावशी, एक सांगू का? दिवाळीपासून सासूबाईंना अक्षर दिसंना झालंय. नजर आता यायची न्हाई म्हणले डॉक्टर. पुस्तक आलं की कव्हरावरून हात फिरवीत बसतात. तुमाला कळलं तर तुमी फोन बंद करताल, म्हणून आमाला बोलू देईनात."

तेवढ्यात मनकर्णाबाई फोनवर आल्या. "रागावलाव व्हय?"

खरं बोललं की काय होतं, ते धुरपताबाईंना ठाऊक होतं. उद्यापासून 'तब्येत कशी', 'जेवण झालं का'. तसे फोन त्यांना पुष्कळ येत.

"रागवंन कशाला? पाव्हणे आल्ते," त्या म्हणाल्या. "मला नीट आठवंना, त्या भावाला बहीण कुठं घावली, सांगा बरं."

पलीकडं कव्हराचा कागद सळसळला.

"ठेसनावर," मनकर्णाबाई हळूहळू म्हणाल्या. "च्या इकायली व्हती ती. त्यानं वळखलं न्हाई. च्या पिऊन गाडीत बसला."

"आन् तिनं?"

"तिनं वळखलं. पण हाक मारली न्हाई."

धुरपताबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"व्हय," त्या म्हणाल्या, "असंच हाय त्यात."