खिडकीची व्याख्या

बांधकाम परवानगी खात्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे व्याख्याकाका म्हणत. शहराच्या नियमावलीत जिना कशाला म्हणायचं, गच्ची कशाला, गोदाम कशाला, हे सगळं काकांच्या हातचं. शब्दाचा अर्थ जरा ढिला राहिला की लोक त्यातून अख्खा ट्रक बाहेर काढतात, हे त्यांनी पुरतं पाहिलं होतं. पार्किंग दाखवून थाटलेली दुकानं, गच्चीवर पत्रे ठोकून भाड्याने दिलेल्या खोल्या. माणूस या प्राण्याचीच त्यांना शिसारी आली होती.

व्याख्या लिहिण्याआधी ते टेप घेऊन जागेवर जात. भर दुपारी खोलीचं दार लावून, दिवा न लावता वर्तमानपत्र उघडत. वाचता आलं तर ती राहण्याची खोली, नाहीतर अडगळ. लोक हसत. हसोत बापडे.

त्यांच्या धाकट्या बहिणीला दमा होता. तिची जुनी इमारत पाडून तिथे नवी उठणार होती आणि तिच्या वाट्याला मागची खोली आली होती.

"दादा, मला बाकी काही नको. खिडकी उघडली की वारा आला पाहिजे, तेवढं बघ."

काकांनी नकाशा मागवला. खिडकी डक्टमध्ये उघडत होती, म्हणजे सांडपाण्याचे पाइप जायला ठेवलेल्या बोळकांडीत.

"हा नकाशा मंजूर होणारच नाही," ते बहिणीला म्हणाले. "खिडकीसमोर तीन मीटर मोकळी जागा लागते. मीच लिहिलंय ते. निर्धास्त राहा."

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं. शेजारी त्या नव्या इमारतीचा बिल्डर सासुरवाडीला आल्यासारखा पाय पसरून चहा पीत होता.

"खिडकीची व्याख्या जरा सैल करा," साहेब म्हणाले. "डक्टसुद्धा धरा त्यात."

"मी नाही लिहिणार."

"नका लिहू. मला काय हात नाहीत?"

दुसऱ्या दिवशी साहेबांचा मसुदा काकांच्या टेबलावर येऊन पडला. 'खिडकी म्हणजे हवा येण्यासाठी भिंतीत ठेवलेले कोणतेही भोक.' बस्स, एवढंच. लोकांच्या हरकतींच्या सुनावणीत एखाद्या शाळकरी पोरीनेही याच्या चिंधड्या उडवल्या असत्या, आणि मसुद्याबरोबर नकाशाही पडला असता. काकांना काही म्हणजे काही करावं लागणार नव्हतं. कागद होता तसा पुढे सरकवायचा आणि गप्प बसायचं.

पण तो कागद त्यांना बघवेना. बिल्डरांची घाण त्यांनी आयुष्यभर सोसली होती. हे गबाळं काम सोसवेना. आपल्या पुस्तकात हे भोक? त्यांनी लाल पेन काढलं. 'कोणतेही' खोडलं. डक्टची किमान रुंदी एक मीटर घातली, खिडकीचं माप खोलीच्या मापाला बांधलं, डक्टवर छत नको म्हणून लिहिलं, पळवाटा एकेक करून बुजवल्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटी सगळं एकदा मोठ्याने वाचलं आणि, सांगायलाही किळस येते, त्यांना समाधान वाटलं.

सुनावणीत अकरा हरकती आल्या. एकही टिकली नाही. त्याच आठवड्यात नकाशा मंजूर झाला.

दोन वर्षांनी काका बहिणीच्या नव्या खोलीत गेले. दुपारचे बारा वाजले होते. त्यांनी दार लावलं, दिवा बंद केला, खिडकी उघडली. आत वास घुसला. हात लांब केला तर समोरचा पाइप बोटांना लागला, ओला. वर्तमानपत्रातले मोठे मथळेसुद्धा दिसेनात. आपण शेण खाल्लंय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

बहिणीने औषधाचा पंप तोंडाला लावला, श्वास रोखून धरला, मग हळूच म्हणाली, "दादा, हिला खिडकी म्हणतात का रे?"

"म्हणतात," काका म्हणाले. "त्यात कुणाला खोट काढता येणार नाही."