पूर्वेकडे तोंड केलेलं मशीन

आज खंडेनवमी. झेंडूला मशीनच्या तेलाचा वास लागला की माझं डोकं अजून तापतं.

चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपात मी लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापायच्या मशीनवर, होतो. फिटर रहीमभाईंनी जमिनीवर पालथं पडून, लेव्हल बघत, मशीनच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे सारत ते बसवलं होतं. त्यावर रीमरनं नेमक्या मापाला आणलेल्या भोकात पिन दाबली की, इतकी घट्ट बसायची, हळूच हवा सोडत आत जायची.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी आलो, तर मालकांनी पहारी लावून मशीन फिरवलेलं. म्हणे, पूजेला तोंड उगवतीकडंच पायजे. नारळ फोडायला पहार कशाला लागते, हे मला आजही कळलेलं नाही.

दसरा उलटून काम सुरू झालं, तर प्रत्येक भोक तोंडाशी मोठं. पिन आत डुगडुगायची.

"शेठ, मशीन हलवलं, लाइन गेली त्याची, सरळ राहिलं नाही ते," रहीमभाई म्हणाले.

"पूजेनं मशीन बिघडतं व्हय? तुझाच हात बिघडलाय."

रहीमभाई पुन्हा पालथे पडले. कोपरं सोलली, पण पूर्वेकडे तोंड ठेवूनच त्यांनी मशीन लाइनीत आणलं. पिन पुन्हा हवा सोडत आत गेली. मालकांनी ती स्वतः दाबून पाहिली आणि आम्हा सगळ्यांना बोलावून म्हणाले, "बघा. दिशेचा गुण हाय."