ये की येऊ नको

आर्डिथ कोवालचुक गावातल्या माणसांना त्यांच्या कपड्यांच्या फाटण्यावरून ओळखायची. कोणाचा डावा गुडघा झिजतो, कोण इंजिनाला पाय टेकून पँट भाजून घेतो, कोणाच्या जाकिटाची चेन दर हंगामाला तुटते, सगळं तिला तोंडपाठ. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत, लाकडाच्या गिरणीच्या आधाराने वसलेलं ते गाव. तिथे हिवाळा म्हणजे स्नोमोबाइल, बर्फावरून धावणाऱ्या गाड्या. बर्फ पडायला लागला की गावाच्या अंगात यायचं, आणि आर्डिथच्या दुकानातल्या शिवणयंत्राला मार्चपर्यंत उसंत नसायची.

तिचा नवरा मायरन गिरणीत करवतीवर होता. घरात शिरला की घर भरून जायचं असा माणूस. कोणाचे नळ गोठले, कोणाची गाडी चरात गेली, की हा भरल्या ताटावरून उठलाच.

"सगळ्या गावाचा मक्ता घेतलायस का तू?" आर्डिथ चिडून म्हणायची.

"गावाचा नाही गं, फक्त बिनडोकांचा."

"म्हणजे गावाचाच की!"

दर शनिवारी तो आणि लाइल ट्रगियर स्नोमोबाइल घेऊन डोंगरात जायचे. लाइल त्याचा शाळेपासूनचा दोस्त, रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. मायरन जितका बोलका, तितका लाइल मूग गिळून बसलेला. दोघांची जोडी बघून लोक हसायचे, पण एकाला बोलावलं की दुसरा येणार हे सगळे धरूनच चालायचे.

त्या फेब्रुवारीत आठवडाभर बर्फ पडला, मग वारा सुटला, आणि शनिवारी आभाळ लख्ख उघडलं. आर्डिथने सकाळी फोनवर हिमकडे कोसळण्याचा इशारा वाचला. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी.

"तिसरी आहे," ती म्हणाली.

"पाचातली तिसरी. शाळेत मी तेवढ्यावरच पास व्हायचो," मायरन बूट चढवत म्हणाला.

"शाळेत कडा अंगावर येत नव्हता."

"अगं, परातीत मी किती वर्षं जातोय? एकदा तरी काही झालंय का?"

परात म्हणजे डोंगराच्या कुशीतला मोठा खोलगट उतार. गाव त्याला असंच भांड्याच्या नावाने ओळखायचं. काही झालं नव्हतं हे खरंच होतं.  आर्डिथने फराळाचा डबा त्याच्या पिशवीत कोंबला आणि ती दुकान उघडायला गेली.

दुपार कलताना पोलिसांची गाडी दुकानासमोर थांबली. एक तरुण बाई आत आली आणि टोपी काढून उभी राहिली. तिच्या पाठीमागे, काचेतून, आर्डिथला रस्त्यापलीकडे लाइल दिसला. त्याच्या कॉलरमध्ये बर्फ होता आणि हातात मोजे नव्हते. तो आत आला नाही. ती पोलीसबाई बोलायच्या आधीच आर्डिथ खाली बसली होती.

झालं होतं ते असं. लाइलची गाडी उतारावर उंच जाऊन रुतली. मायरन खाली सपाटीवर थांबला होता. एका वेळी उतारावर एकानेच असावं, हा नियम दोघांनाही पाठ होता. पण थोड्या वेळाने मायरनने गाडी वर घातली. तो अर्ध्यात पोचला असेल-नसेल, तोच दोघांच्या मधून उताराला चीर गेली आणि अख्खा हिमकडा सुटला. लाइल कडेला फेकला गेला. मायरन खाली गाडला गेला. लाइलने छातीवरच्या, गाडलेल्याचा संकेत पकडणाऱ्या यंत्राने त्याचा माग काढला, लांब सळई टोचून जागा पक्की केली आणि एकट्याने फावड्याने उकरत राहिला. मायरन फार खोल होता. हाती लागला तेव्हा उशीर झाला होता.

इतकं सगळ्यांना कळलं. पण समोरच्या धारेवरून दोघे जण हे बघत होते, आणि त्यांच्या तोंडून आणखी एक गोष्ट गावात आली. लाइल वरून हात हलवत होता म्हणे.

झालं, गावाला तेवढं पुरे. "लाइलने हात करून बोलावलं त्याला." कॉफीच्या टेबलावर, गिरणीच्या फाटकाशी, चर्चच्या पायऱ्यांवर हेच. आर्डिथच्या दुकानात मात्र ती आत असली की सगळे हवामानावर बोलायचे.

ती लाइलशी बोलेनाशी झाली. अंत्यविधीला तो मागच्या बाकावर बसला आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला. नंतर समोरून दिसला की ती रस्ता ओलांडायची. कॅलगरीहून मुलीचा, कलिनाचा, फोन यायचा.

"आई, एकदा विचारून टाक ना त्याला."

"विचारलं आणि तो हो म्हणाला तर?"

"तर काय?"

"तर जन्मभर मला त्याचा राग धरावा लागेल. आणि नाही म्हणाला तर मायरनचा. आपणहून गेला कशाला म्हणून."

 पलीकडून कलिना म्हणाली, "जेवलीस का?"

पुढचा बर्फ पडला तेव्हा एके दिवशी लाइलच दुकानात आला. दार लावून तिथेच उभा राहिला. आर्डिथने यंत्र थांबवलं नाही.

"हात हलवला होता मी," तो म्हणाला.

यंत्र थांबलं.

"येऊ नको म्हणून. असा." त्याने एक हात वर करून जोरजोरात हलवला. "पायाखालचा बर्फ पोकळ वाजत होता गं. मी ओरडलोसुद्धा, पण त्याचं इंजिन चालू होतं. माझा हात बघितला आणि तो निघाला. त्याला काय दिसलं असेल, तेच मी रोज विचारतोय स्वतःला."

आर्डिथ त्याच्या हाताकडे बघत राहिली. तो अजून वरच होता. तिने मनाशी मायरनला त्या सपाटीवर उभं केलं आणि त्याच्या डोळ्यांनी वर पाहिलं. इवलासा माणूस, हलणारा हात. त्याचा अर्थ काहीही लावता आला असता.

"खाली घे हात," ती म्हणाली. "आणि बस. इतके महिने का नाही बोललास?"

"सुटका करून घ्यायला बोलतोय असं वाटलं असतं."

"वाटलंच असतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू हात खिशात घालून बसला असतास तरी तो आलाच असता, लाइल. अडकलेला माणूस दिसला की त्याला धीर धरवायचा नाही."

हे बोलताना तिला रडू आलं. लाइलने टेबलावरची चिंध्यांची पेटी तिच्यापुढे सरकवली, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. त्यातल्या एका चिंधीने तिने डोळे पुसले.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर स्नोमोबाइलवाल्यांचा क्लब हिमकड्यांपासून बचावाचा वर्ग घ्यायचा. त्या वर्षी आर्डिथ तिथे गेली आणि म्हणाली, "मला भाषण येत नाही. सगळे बाहेर चला." शाळेच्या मैदानामागे बर्फाने भरलेला लांबलचक माळ होता. लाइल त्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. तिने प्रत्येकाच्या हाती एक कोरी चिठ्ठी दिली. समोर काय दिसतं ते लिहा, शेजाऱ्याला विचारू नका.

लाइलने एक हात वर करून हलवला.

"बायकोला टाटा करतोय बहुतेक," कोणी तरी म्हणालं, आणि दोन-चार जण हसले.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा हसू मावळलं. निम्म्यांनी 'ये' लिहिलं होतं. काहींनी 'येऊ नको', काहींनी 'मी ठीक आहे'. हर्ब सोलबर्ग नावाचा म्हातारा, ज्याने चौकाचौकात लाइलचं नाव घेतलं होतं, त्याने आपली चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली.

"तू काय लिहिलंस, हर्ब?" आर्डिथने विचारलं.

"'येऊ नको'," तो पुटपुटला.

त्याने चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. मग लाइलने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे आडवे धरले आणि तसाच स्तब्ध राहिला. या वेळी चिठ्ठ्या लागल्या नाहीत.

"ही फुली म्हणजे जागचं हलायचं नाही," आर्डिथ म्हणाली. "इंजिन बंद करायचं आणि बघत राहायचं. कोणी कितीही जवळचा असला तरी."

खूण खोऱ्यात पसरली. पोरं थट्टेतही करायची, बारमध्ये कोणी बिल पुढे केलं की फुली. पण सगळंच निभावलं असं नाही. त्याच हिवाळ्यात शेजारच्या खोऱ्यात दोन भाऊ हिमकड्याखाली गाडले गेले. दोघे एकाच वेळी उतारावर होते. ती बातमी आली त्या दिवशी आर्डिथने दुकान बंद ठेवलं.

एप्रिलमध्ये लाइल म्हणाला, "येतेस वर? लांबूनच बघू. परातीखाली जायचं नाही." ती त्याच्या मागे बसून गेली. समोरच्या झाडीच्या धारेवर त्याने गाडी थांबवली. परात उन्हात पांढरीशुभ्र पसरली होती, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत गाड्यांच्या ताज्या रेघा होत्या.

"कोणाच्या रे?"

"असतील आपल्यातल्याच कोणाच्या तरी."

ती पाहत राहिली. हा उतार आज त्या लोकांखाली सुटला नव्हता. संध्याकाळी ते घरी जाऊन सांगतील, परातीत गेलो होतो, काही झालं नाही. मायरनलाही या डोंगराने वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. तो काही बेफिकीर नव्हता. त्याची शिकवणी चुकीची झाली होती. तिला त्याचा राग आला, मग नुसतीच त्याची आठवण आली, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

लाइलने थर्मासमधली कॉफी ओतून तिच्या हातात दिली. ती कोमट झाली होती, तरी तिने सगळी प्यायली. वरच्या झाडांवरून बर्फाचा एक गोळा धपकन खाली पडला.

"चल," ती म्हणाली. "ऊन तापून बर्फ सैल व्हायच्या आत खाली जाऊ."