ताईच्या जागेवर आलेली

बॉल हातात घेण्याआधी ती दोन्ही बुटांचे तळवे हातानं पुसायची, हात पँटला पुसायची आणि म्हणायची, "द्या इकडे. मी हाव ना."

हे ती फक्त मैदानात म्हणत नसे. पाण्याचा जार उचलायचा असो, कंडक्टरशी सवलतीच्या तिकिटावरून वाद घालायचा असो, बाई आपल्या तयार. एकदा झेंडावंदनाच्या भाषणात आमचे प्राचार्य मध्येच अडखळले, तेव्हा मागच्या रांगेतून हलक्या आवाजात आलं, "द्या इकडे." सगळी रांग खुसखुसली. प्राचार्यांना वाटलं, आपला विनोद उशिरा का होईना पोचला.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बास्केटबॉलशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण मुलींचा संघ बाहेरगावी गेला की सोबत एक बाई लागते. बाकीच्या मॅडमांना घरदार, लेकरंबाळं. माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे मला घरी काहीच काम नसतं, असा आमच्या स्टाफरूमचा पक्का समज आहे. त्यामुळे नऊ वर्षं मी या संघासोबत जाते. पिशव्या सांभाळते, सह्या करते आणि शिट्टी कशासाठी वाजली ते शेजारच्याला विचारते.

त्या वर्षी आमची ताई गेली होती. सगळा संघ तिला ताईच म्हणायचा. दोन वर्षं जिल्ह्यात आम्हाला कोणी हरवलं नव्हतं ते तिच्या जिवावर. ती बारावी झाली, भरतीत उतरली आणि पोलिसात लागली. वर्दीतला तिचा फोटो क्रीडाशिक्षक सरांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. ती गेल्यावर सर ग्राउंडवर नुसतेच बसून राहायचे. गळ्यात शिट्टी असायची, पण वाजवायचे नाहीत.

अशात आसेगावकडची ही मुलगी अकरावीला आली. उंच, सडसडीत, केसांची एकच घट्ट वेणी. गावच्या शाळेत तिनं कबड्डी आणि थाळीफेक केली होती, बास्केटबॉल फक्त मोबाइलवर पाहिला होता. सरांनी विचारलं, "कोणत्या जागेवर खेळशील?"

"ताईच्या."

"ती जागा रिकामी नाही, बेटा."

"मंग भरली कोन?" तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशीपासून सर शिट्टी वाजवायला लागले.

तिचा आत्मविश्वास पाहून आधी राग यायचा, हे कबूल करते. पहिल्या महिन्यात ती दहा बॉल टाकायची त्यातले आठ रिंगला लागून परत यायचे, आणि ही रिंगकडेच संशयानं पाहायची. पण रोज सकाळी आसेगावहून पहिल्या गाडीनं यायची आणि कॉलेज उघडायच्या आत घामानं निथळलेली असायची. दिवाळीपर्यंत दहातले सात आत जायला लागले. मग माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी वर्ग सोडून गॅलरीत उभी राहायला लागले, तेव्हा सहकारी म्हणाले, "मॅडमले आता कळून राह्यलं वाटते बास्केटबॉल." कळत नव्हतं. ती कळत होती.

ताई एकदा सुट्टीवर आली होती. हिचा खेळ पाहून म्हणाली, "बरी खेळते."

"बरी नाई ताई, तुमच्याहून बरी," ही म्हणाली. ताई मोठ्यांदा हसली. मग दोघी कठड्यावर बसून तासभर भरतीबद्दल बोलल्या, धावायचं किती, गोळा किती लांब, अभ्यास कोणता. मी ऐकत होते. तिथंच मला समजलं की हिला नुसती ताईची मैदानातली जागा नको होती. ताई ज्या वाटेनं गेली ती अख्खी वाट हवी होती. वडिलांची तीन एकर कोरडवाहू, आई अंगणवाडीत मदतनीस, मागे दोन बहिणी. वर्दी हे तिच्या लेखी स्वप्न वगैरे नव्हतं. तो तिचा पुढचा मुक्काम होता. तिकीट काढून झालेलं, गाडी तेवढी यायची होती.

पुढच्या वर्षी, ती बारावीत असताना, जिल्ह्याचा अंतिम सामना वाशिमला होता. मध्यंतराच्या जरा आधी ती बॉलसाठी उंच उडाली आणि सिमेंटवर वाकडी उतरली. तिचा पाय आत वळला. ती पडली, लगेच उठली आणि सरांकडे हात हलवून ठीक आहे म्हणाली. सरांनी तिच्यावर विश्वास ठेवला. तिच्यावर सगळेच विश्वास ठेवायचे.

कपडे बदलायला आम्हाला एक वर्गखोली दिली होती, खिडक्यांना ओढण्या लावलेली. तिथं फक्त मी आणि ती. तिनं पँट वर केली. गुडघा सुजून शेजारच्या गुडघ्याच्या दीडपट झाला होता.

"आतमधी कट्‌कन वाजलं, मॅडम," ती म्हणाली. मग माझा हात धरला. "सरले नका सांगू. तुमी फक्त पट्टी बांधून द्या."

"अगं, पण हे—"

"मॅडम, पाच पॉइंटनं मागं हाव आपन."

आता मी तुम्हाला जे सांगते आहे ते मी सरांनाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. मला ती पाच गुणांची पिछाडी डोळ्यांसमोर दिसत होती. ताई जिंकायची तेव्हा मी नुसत्या पिशव्या सांभाळायचे; जिंकण्याची चटक मला या पोरीनं लावली होती. प्रथमोपचाराच्या पेटीत एक लवचिक पट्टी होती. ती मी माझ्या हातानं बांधली. घट्ट बसली का, असंही विचारलं.

आम्ही एका बास्केटनं जिंकलो. शेवटची बास्केट तिचीच. सर लहान मुलासारखे रडले.

विभागीय सामन्यांना अमरावतीला ती आली, पण बाकावर बसायला. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तोवर घरच्यांनी तिला हाडं बसवणाऱ्याकडे नेलं होतं. त्यानं पाय ओढला, तेल चोळलं, लेप लावून बांधला. सूज उतरली. ती चालायला लागली, सपाटीवर तर छानच. पण जिना उतरताना गुडघा अचानक दगा द्यायचा आणि मांडी घालून बसता येत नव्हतं. सर म्हणाले, अकोल्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, मी गाडी करतो, मॅडम सोबत येतील. दिवससुद्धा ठरला.

आदल्या दुपारी तिची आई माझ्या घरी आली. अंगणवाडीतून तशीच आली होती. पाणी घेतलं नाही, खुर्चीच्या कडेवर बसली.

"मॅडम, पोट्टीले पाहाले येऊन राह्यले. जऊळक्याकडचं घर हाय, पाच एकर ओलीत, एकुलता एक पोरगा. असं ठिकान पुन्हा नाई भेटत."

मी म्हटलं, आधी पाय तर दाखवू.

"अकोल्याच्या दवाखान्यात आपल्याकडचे धा मानसं भेटतात. कोनी पाह्यलं की झालं. पायात खोड हाय म्हनून बोभाटा झाला तं तिले कोन करते? तिच्यामांगं दोन हायेत अजून. चालते ना ती आता. तुमी सरले समजावून सांगा. तुमचं आयकतात ते."

तिनं माझ्या पायाला हात लावला. माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई. मी मागे सरकले आणि बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं की घरचे नंतर नेणार आहेत. तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

ती मात्र खूश होती, हेच मला आजवर उलगडत नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं स्वतः विचारलं होतं, "लग्न झाल्यावर मले भरती करू देसान का?" मुलाच्या वडिलांनी हो म्हटलं. ही आली ती उड्या मारायच्या बाकी.

"मॅडम, तेईचं हो हाय. गुडघा बी बरा होऊन राह्यला. एक वर्ष, फक्त एक. मंग मी धावतोच."

मी तिला म्हणायला हवं होतं, की पोरी, गुडघा बरा होत नाहीये, आणि लग्नाआधी दिलेला शब्द लग्नानंतर कोणी उघडून पाहत नाही. मी पुष्कळ मुलींना बारावीच्या निरोप समारंभात पाहिलंय आणि पुढच्या वर्षी कडेवर मूल घेऊन बाजारात पाहिलंय. मला माहीत होतं. मी तिला भरतीचा फॉर्म कुठे मिळतो ते सांगितलं.

लग्न तिची बारावी झाल्यावर, उन्हाळ्यात, सकाळी, विहारासमोरच्या मांडवात झालं. दोघं पांढऱ्या कपड्यांत. ती पांढऱ्या साडीत इतकी उंच दिसत होती की नवऱ्या मुलाच्या करवल्या आपसात हसत होत्या. समोर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, फुलं. बौद्धाचार्यांनी दोघांना पंचांग प्रणाम करायला सांगितलं. दोन्ही गुडघे जमिनीला लागले पाहिजेत. तेही तीनदा.

पहिल्यांदा ती चांगल्या पायावर भार देऊन खाली गेली, दुसरा गुडघा अगदी सावकाश टेकवला. माझ्या शेजारी मुलाची आत्या बसली होती. ती कौतुकानं म्हणाली, "पोरगी बाकी सालस हाय. पाहा ना, किती हळू वाकून राह्यली."

मी हो म्हटलं.

दुसऱ्यांदा तिच्या मानेवर घाम दिसला. तिसऱ्यांदा ती खाली गेली आणि तिला उठताच येईना. नवरा मुलगा उठून पुन्हा हात जोडून बसला, ही अजून कपाळ टेकवलेलीच. लोकांना वाटलं, केवढी श्रद्धा. बौद्धाचार्यही थांबले. तिनं मान जराशी वळवली आणि खुर्च्यांमध्ये मला शोधलं. मी दिसले. मी उठून तिच्या काखेत हात घातला असता तर काम झालं असतं, आणि सगळ्या मांडवाला कळलंही असतं. मी खुर्चीचा हात धरून बसले.

मग तिनं नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि उठली. मांडवात एकदम हशा पिकला. "आतापासूनच धरला बाप्पा," कोणीतरी ओरडलं. मुलगा लाजला. फोटोवाल्यानं दोघांना पुन्हा तसंच करायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझे हात त्या टाळ्यांत कधी गेले ते मला कळलं नाही.

सोयाबीनच्या सोंगणीत सगळं बाहेर आलं. दिवसभर बसून विळा चालवायचा, आणि तिला बसता येईना. दोन दिवस तिनं उभ्यानं कमरेत वाकून सोंगलं. तिसऱ्या दिवशी बांध उतरताना गुडघा निसटला, तो तिथल्या तिथे परत आलाच नाही. सासरचे मग अकोल्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आतली दोरी कधीच तुटलेली आहे, आणि ती तशीच वापरल्यानं गादीही झिजून गेली. वेळेत आली असती तर धावली असती. आता ऑपरेशन करून चालेल नीट, धावायचं विसरा. आमची फसवणूक केली, असं म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. जुनं दुखणं लपवलं म्हणून आता सोडचिठ्ठीचं बोलतात.

हे मला तिच्या आईनं सांगितलं. ती कॉलेजात आली होती, दाखल्याच्या कामाला. वरच्या मजल्यावर स्टाफरूमच्या दारात उभी राहून सांगत होती. मी तिला आत बस म्हटलं, ती बसली नाही.

"मॅडम, एक इचारू का? मी अडानी. मले पोट्टीच्या लग्नाबिगर काई दिसत नव्हतं. पन तुमाले तं समजत होतं ना सगळं. तुमी आमचं काहून आयकलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते, तुम्हीच तर पाया पडलात म्हणाले असते. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मी तिला पुन्हा आत बस म्हटलं. ती पदर सावरून दाखल्याच्या खिडकीकडे गेली.

"ती आली नाही?" मी मागून विचारलं.

"आली हाय. खालीच बसली. जिना नाई चढत तिले."

मी गॅलरीत जाऊन पाहिलं. ती ग्राउंडकडे पाठ करून पायरीवर बसली होती, एक पाय सरळ लांब केलेला. मागे सरांच्या नव्या मुली खेळत होत्या, शिट्टी वाजत होती. मला खाली जायला वीस पायऱ्या होत्या. मी वरूनच पाहत उभी राहिले, आई आली, दोघी फाटकाकडे गेल्या, तोवर.